अकरावा फर्मा

३ जून

ताई,

पुस्तक पोचलं. पाकिटाचा एक कोपरा फाटला होता, पण आत काही झालं नाही. तू आत चिठ्ठी ठेवलीस, "घुमे, हे वाचच. इथे सगळे हेच वाचतायत. सात भागांची मालिका आहे, एकदा सुरू केलीस की सुटणार नाहीस." तसंच झालं. तीन दिवसांत संपलं. मग परत पहिल्यापासून घेतलं.

मला बोलायला जमत नाही हे तुला माहितीये. मागच्या सुट्टीत तू दोन दिवस राहिलीस आणि मी बारा वाक्यं बोलले. तू मोजलीस आणि जाऊन आत्याला सांगितलंस. पण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत बसत नाही, म्हणून लिहिते.

शाळा का सोडली विचारलंस. आईचं उजवं मनगट गेलं. म्हणजे आहे जागच्या जागी, पण सुजतं, मूठ वळत नाही. बावीस वर्षं तिने बाइंडिंगच्या कारखान्यात कागदाच्या घड्या घातल्या. मालक म्हणाले, खुर्ची रिकामी राहिली तर दुसरी बाई बसवावी लागेल. मग मी बसले. खुर्चीवर आईची उशी आहे, तिच्या मापाचा खड्डा पडलेली. मी त्यात पुरत नाही.

खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं नाही. मराठीच्या बाई मला रोज धडा वाचायला उभं करायच्या. घशातून आवाज निघायचा नाही. मग तास संपेपर्यंत उभी. मी जायची बंद झाले तरी दोन महिने हजेरीत माझं नाव पुकारत होते म्हणे. तशीही मी कधी "हजर" म्हणत नव्हते, त्यामुळे फरक कळला नसेल.

आता पुस्तकाबद्दल. नावाडीण सगळ्यांना पलीकडे सोडते. तलाठी, वऱ्हाड, बकऱ्या, मास्तर, सगळ्यांना. पण ती स्वतः पलीकडे कधीच होडीतून उतरत नाही. हे लेखिकेने कुठे लिहिलेलं नाही. मी सगळी पानं परत बघितली. दोर फेकते, हात देते, माणसं उतरतात, ती वळते. एकदाही पाय टाकत नाही. मला वाटतं पुढचे सहा भाग ह्यासाठीच आहेत.

तुला कुठला प्रसंग आवडला? तू कुठे थांबलीस? मला सांग. माझ्याकडे दुसरं कुणी नाही विचारायला.

घुमी


१४ जून

लाडके घुमे,

काय पत्र लिहितेस गं तू. बारा वाक्यांवाली हीच का, असं वाटलं. दोनदा वाचलं.

माझं इथलं ऐक. वाचनालयात मला सहा महिन्यांसाठी ठेवलंय, काम बघून पुढे कायम करणार. ग्रंथपाल बाई चष्म्यावरून अशा बघतात की मी पुस्तक नाही, उंदीर हातात धरलाय. दर शेवटच्या शनिवारी वाचकमंडळ असतं. निवृत्त डॉक्टर, बँकवाले, वकिलीणबाई, सगळे येऊन एकमेकांना कादंबऱ्या सुचवतात, जशी काही मुलीला स्थळं. "तुम्ही ही मालिका वाचाच, घराणं चांगलं आहे." दारात एक फळा आहे, "वाचकांकडून वाचकांसाठी". त्यावर चांगलं लिहिणाऱ्याला बाई मान देतात.

तू विचारलंस कुठला प्रसंग आवडला. तोच गं, ती उतरत नाही तो प्रसंग. अगदी माझ्या मनातलं बोललीस.

दुसरा भाग पाठवतेय. वाचून झाला की लगेच लिही, असंच सविस्तर. शनिवारच्या आधी आलं तर बरं, नंतर माझी धावपळ असते. मामीला म्हणावं हाताला शेक दे.

तुझीच,
ताई


६ जुलै

ताई,

दुसराही वाचला. तू पुस्तकं किती जपून वाचतेस. उघडताना पाठ कडकड वाजली, एका पानाला घडी नाही, कुठे बोटाचा डाग नाही. माझ्या हातात आलं की दोन दिवसांत खळीचा वास लागतो त्याला. खळ म्हणजे आमची चिकटवायची लापशी. आई म्हणते, आपण मेलो तरी माश्यांना आधी खळ कळेल.

ह्या भागात नवरा विचारतो, "तुला काय हवंय?" आणि ती म्हणते, "वल्ह्याची मूठ सैल झालीय." ते तिचं उत्तर नाही, ती टाळते, असं कुणालाही वाटेल. पण मला वाटतं तेच खरं उत्तर आहे. तिला कुणी आधी कधी विचारलेलंच नाही, त्यामुळे हवंय म्हटल्यावर तिच्या डोक्यात फक्त दुरुस्तीच्या गोष्टी येतात. आमची आई अशीच आहे.

आता एक गंमत. काल टेम्पोतून कागद उतरले आणि मी घडी घालायला पहिला ताव ओढला तर वर "नावाडीण" दिसलं. आपलीच मालिका. सातवा भाग नवीन येतोय, शेवटचा, म्हणून प्रकाशक आधीचे सगळे परत छापून घेतोय. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत बाइंडिंग आमच्याकडे. वर्षभराचं काम.

तुला कळावं म्हणून सांगते. एका मोठ्या तावावर सोळा पानं छापलेली असतात, काही सुलटी, काही उलटी. त्याची तीनदा घडी घातली की एक फर्मा होतो. असे पंधरा-वीस फर्मे शिवले की पुस्तक. फर्म्याच्या कडा बंद असतात. न कापता पहिलं पान, शेवटचं आणि मधली दोन तेवढी दिसतात, बाकी सगळं घडीच्या पोटात. शिवून झाल्यावर मशीन तिन्ही कडा कापतं, तेव्हा कुठे वाचता येतं.

जे ताव वाकडे छापले जातात किंवा शाई फासते ते बाद. कोपऱ्यात ढीग असतो, आठवड्याने रद्दीत जातो. कारखान्यातल्या मिस्त्रींना मी विचारलं. म्हणजे विचारलं नाही, ढिगाजवळ जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "काय गं पोरी, घे की. बाद ते बाद." आता मी एकेक जमवते, घरी दाभणाने शिवते, कडा आईच्या जुन्या सुरीने कापते. तिसऱ्या भागातली निम्मी पानं तिरकी आहेत, मान वाकडी करून वाचावं लागतं. आई म्हणते, "वाचून वाचून तोंडाने मुकी होतीस, आता मानेने पण जा."

मला तिसरा पाठवू नकोस. उलट तुला हवा असेल तर मी तिरका पाठवते.

घुमी


१९ ऑगस्ट

घुमे,

घाईत लिहितेय. तिरका नको बाई, इथे सरळच वाचायला वेळ पुरत नाही. तू नुसतं सांग. तू सांगतेस त्यात सगळं येतंच.

तिसऱ्याचं आलं, चौथ्याचं राहिलं. शुक्रवारपर्यंत हवंय. दोन पानं तरी लिही. आणि आई अशी, मिस्त्री तसे, खळ, उशी, हे मध्येमध्ये नको घालूस. मला मग शोधत बसावं लागतं. सरळ पुस्तकाबद्दल लिही. राग नको मानू हं, तू लहान आहेस, लिहायची शिस्त लागते हळूहळू.

एक गोड बातमी. ग्रंथपाल बाई मला परवा म्हणाल्या, "तुमची नजर वेगळी आहे." आत्ता कुठे चष्म्यातून बघायला लागल्यात.

ताई


२१ सप्टेंबर

ताई,

चौथा आणि पाचवा, दोन्हींचं वेगळ्या कागदावर लिहिलंय, सोबत आहे. त्यात आई नाही, खळ नाही. शोधायला लागणार नाही.

बाकीचं ह्या कागदावर, वाचायचं तर वाच.

मला तुझ्याकडून एकदा तरी ऐकायचंय की माझं चुकलं. चौथ्यात मी मुद्दाम लिहिलंय की नावाडिणीचा बहिरा मुलगा आईवर रागावलेला आहे. मला स्वतःलाच ते पूर्ण पटलेलं नाही. तू वाचलं असशील तर म्हणशील, छे, असं कुठाय. मी वाट बघतेय. मिस्त्री वाचत नाहीत, ते फक्त पानांचे आकडे बघतात. तीस वर्षं पुस्तकं बांधतात आणि एकाचाही शेवट माहीत नाही त्यांना. मी त्यांना एकदा नावाडिणीचं सांगायचा प्रयत्न केला, चार शब्द निघाले. ते म्हणाले, "होडी का? छान." आणि डिंक ढवळायला लागले.

माझी एक इच्छा आहे. सातवा भाग आपण दोघींनी एकत्र वाचायचा. डिसेंबरात तू येतेस ना? मी फर्मे जमवून ठेवते, शिवते, पण कापत नाही. तू आलीस की आपण एकेक कडा कापत वाचू. एक फर्मा तू मोठ्याने, एक मी. मी पण वाचेन मोठ्याने. तुझ्यासमोर जमेल असं वाटतंय. आईला मी सांगून टाकलंय. ती म्हणाली, "हिचा आवाज ऐकायला मी पण बसेन मग."

घुमी


३० ऑक्टोबर

घुमे राणी,

डिसेंबरात नाही जमणार गं. तेव्हाच माझं कायम व्हायचं ठरणार आहे आणि आत्ता रजा मागितली तर बाई म्हणतील जा, कायमचीच जा. उन्हाळ्यात नक्की.

तुला एक विचारायचंय, नाही म्हणू नकोस. सातव्यात काय होतं ते सांग ना मला. अजून महिना-दीड महिना बाजारात यायचा नाही म्हणतात. मला उन्हाळ्यापर्यंत धीर नाही. इतके सहा भाग आपण दोघींनी मिळून वाचले आणि शेवट तुला एकटीला कळणार, हे बरोबर आहे का? कुणाला सांगणार नाही. माझ्यापुरतं. शप्पथ.

सगळं सांग, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये काही सोडू नकोस.

तुझी,
ताई


१७ नोव्हेंबर

ताई,

मालकांनी सगळ्यांना उभं करून सांगितलंय की सातव्याचा एक कपटासुद्धा बाहेर जाता कामा नये. बाद ताव मिस्त्री रोज स्वतः फाडून टाकतात. मी त्याआधी उचलले, डबा नेते त्या पिशवीत. हे मी पहिल्यांदाच असं केलं. मिस्त्रींना माहीत नाही.

न कापता ठेवणार होते, ते तू येणार नाहीस म्हटल्यावर कापले.

सोबत सात पानं आहेत. सगळं लिहिलंय. नवरा कसा जातो, पूल कसा बांधतात, पूल झाल्यावर होडीला कुणी विचारत नाही, तरी ती रोज सकाळी होडी सोडते आणि रिकामीच पलीकडे नेऊन परत आणते. आणि मग ती उतरते. ताई, ती उतरते एकदाची. होडी पलीकडे बांधते, चिखलातून चालत शाळेपाशी जाते, खिडकीशी उभी राहते. आत एक मुलगी धडा वाचतेय. मास्तर बाहेर बघतात. "आत या," म्हणतात. ती म्हणते, मला येत नाही. ते म्हणतात, बसता येतं ना? आणि शेवटच्या बाकावर जागा करून देतात.

हे भराभर लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर विचार.

तू फक्त एवढं कर, वाचून झाल्यावर ते जाळून टाक. आणि मला लिही. ह्या वेळी दोन ओळींत नको.

घुमी


५ डिसेंबर

ताई, पत्र पोचलं का? एवढं तरी कळव.

घुमी


२२ डिसेंबर

ताई,

काल काय झालं ते सांगते.

दुपारी प्रकाशकाचा माणूस आला. हातात तुमच्या वाचनालयाचं मासिक पत्रक होतं, चार पानी. मालकांनी मशीन बंद करायला लावली. सगळ्यांना बोलावलं. मग त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "सातव्या भागाच्या निमित्ताने". खाली तुझं नाव.

पहिलं वाक्य होतं, "नावाडीण सगळ्यांना पलीकडे सोडते, पण ती स्वतः कधीच होडीतून उतरत नाही." मला आधी वाटलं, बघ, ताईलाही तसंच वाटलं होतं. एवढी मी मूर्ख. मग वल्ह्याची मूठ आली. मग "पुढचे सहा भाग ह्यासाठीच आहेत" आलं. मालकांना वाचताना अडखळायला होतं, ते पान-सुपारीच्या दुकानाची पाटी वाचल्यासारखं वाचत होते, आणि माझी वाक्यं एकेक करून सगळ्यांसमोर पडत होती. मी आयुष्यात वर्गात एक ओळ मोठ्याने वाचली नाही, आणि काल माझी चार पानं वाचली गेली.

प्रकाशकाचा माणूस म्हणाला, "पुस्तक दुकानात नाही, ही बया शेवट सांगून मोकळी. छापखान्यातून किंवा इथून फुटलंय. आणि एक मजा आहे. सगळं शब्दाला शब्द बरोबर, फक्त हे शाळेचं काय आहे ते पुस्तकात नाहीच."

मालकांनी पुस्तक उघडून दाखवायला सांगितलं. कुठल्या पानांच्या जागी हे शाळेचं घुसलंय? तो म्हणाला, एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर.

मिस्त्री पटकन बोलून गेले, "म्हणजे अकरावा फर्मा. अकराव्यातला एकही ताव बाद नाही गेला साहेब, माझ्या हातचा आहे तो."

त्यांना कामाचा अभिमान आहे, तो बोलला. नेमका तोच नाही म्हणजे बाद तावांवरूनच फुटलं, हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. बाद ताव घेणारी कारखान्यात एकच आहे.

मालक ओरडलेसुद्धा नाहीत. "बावीस वर्षं तुझ्या आईने तोंडातून शब्द काढला नाही," एवढंच म्हणाले. "तुला तर आम्ही मुकी समजत होतो." उशी उचलायला लावली.

हो, अकरावा फर्मा माझ्याकडे नव्हता. रोज बघितलं, एकही बाद झाला नाही. तू लिहिलं होतंस, मध्ये काही सोडू नकोस. मला तुला सोळा पानांचं भोक पाठवायला लाज वाटली. बाराव्या फर्म्यात होडी पलीकडे बांधलेली आहे, रिकामी, आणि सगळे हळू आवाजात बोलतायत. म्हणजे ती उतरली. मग कुठे गेली असेल? मी तिला शाळेत पाठवलं. सगळे हळू का बोलतात हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

आज सकाळपासून आई परत कारखान्यात गेलीय. मालक म्हणाले, ती आली तर खुर्ची आहे. मनगटाला फडकं घट्ट बांधून गेली. डबा मी भरून दिला, तिने डाव्या हाताने उचलला.

मला फक्त एकच सांग. पहिला भाग तरी तू वाचला होतास का?

घुमी


४ जानेवारी

घुमे,

तुझं पत्र वाचून मीच हबकले. तुझ्यावर आलं ते वाईटच झालं, पण माझ्यावर काय आलं ते तू विचारलंही नाहीस.

पत्रक निघालं त्याच शनिवारी लेखिका स्वतः आल्या होत्या. दीडशे माणसं. बाईंनी मला बोलायला उभं केलं. मी शाळेचा प्रसंग सांगितला. लोकांनी डोळे पुसले. मग लेखिका हळूच म्हणाल्या, "हे फार सुंदर आहे, पण मी लिहिलेलं नाही." लोक हसले घुमे. ती वकिलीणबाई तर खुर्चीत मागे पडून हसली.

आणि तू म्हणतेस लाज वाटली म्हणून घातलं. मला एक ओळ लिहिता आली नाही तुला, की ताई, हे माझं आहे? तू मुद्दाम केलंस असं मी म्हणत नाही. पण कुणीही म्हणेल.

मी काय चोरी केली? पुस्तकं मी सुचवली. पहिले दोन भाग मी पाठवले. मी नसते तर तू आजही कोरे कागद दुमडत बसली असतीस. आपण बहिणी आहोत, आपल्यात तुझं-माझं कधीपासून आलं?

आता ऐक. ग्रंथपाल बाई अजून माझ्या बाजूने आहेत. त्यांना इतकंच हवंय की आधीच्या सहा भागांवरचं माझंच होतं, फक्त सातव्यात मी बहिणीवर विश्वास ठेवला आणि फसले, असं तू एका कागदावर लिहून सही करून पाठवावंस. तुझं आता काही जायचं राहिलेलं नाही. माझं अजून आहे. मामीला मी सुट्टीत येऊन स्वतः भेटेन.

पंधरा तारखेच्या आत पाठव.

ताई


११ जानेवारी

ताई,

काल मिस्त्री घरी आले होते. पहिल्यांदाच आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. शर्टाच्या आतून एक घडी घातलेला फर्मा काढून माझ्यासमोर ठेवला. अकरावा. त्याच्या वरच्या पानावर अंगठ्याएवढा शाईचा डाग आहे, ओला असताना बोट लावल्यासारखा. "बाद झाला एक," म्हणाले. "बाद ते बाद." आणि गेले. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा काम मुद्दाम बिघडवलं असेल.

घातलेली घडी सुटी करून परत पहिल्यासारखी घालता येते, हे आम्हा घडीवाल्यांनाच जमतं. मी ताव पूर्ण उलगडून जमिनीवर पसरला, भोवती फिरून सगळी पानं वाचली, उलटी पण. मग परत तशीच घडी घातली.

तो सोबत पाठवतेय. मी सांगणार नाही त्यात काय आहे. तू वाच. फक्त सोळा पानं आहेत, चहा गार व्हायच्या आत होतात. वाचलंस की मला लिही, तुला काय वाटलं, आणि फर्मा परत पाठव, माझं पुस्तक पूर्ण करायचंय.

तुला काय वाटलं ते आलं की तुला हवं ते पत्र मी लिहून देते. सहाही भागांवरचं तुझंच होतं असं लिहीन. सही करीन. मला त्याचं काही नाही आता. मला फक्त एकदा कुणाशी तरी बोलायचंय ह्याच्याबद्दल.

घुमी


१६ जानेवारी

माझी शहाणी घुमी,

मला माहीतच होतं तू समजून घेशील. शेवटी रक्ताचं नातं ते.

तुझा फर्मा आला त्याच दिवशी बसून वाचला. एका दमात. काय लिहिलंय गं. ते सुरुवातीचं नदीवरचं धुकं, आणि शेवटी तो बहिरा मुलगा एकटाच दोर गुंडाळत बसतो, अंगावर काटा आला. मधलं सगळंच फार सुंदर आहे, कुठलं सांगू. आणि नावाडिणीचा तो स्वभाव, तो तर काय, अगदी आपल्या घरातलीच बाई वाटते. तुझ्या शाळेपेक्षा हेच बरोबर आहे, पटलं मला. किती दिवसांनी असं काही वाचलं.

परत पाठवतेय. डाग होताच आधी, मी नाही पाडला हं.

आता ते पत्र लगेच पाठव. तारीख उलटलीय, बाई रोज विचारतायत. सही स्पष्ट कर.

तुझीच,
ताई


२३ जानेवारी

ताई,

फर्मा पोचला.

धुकं पहिल्या पानावर आहे आणि दोर शेवटच्या. कडा मी पाठवल्या तशाच बंद आहेत. एकही कापलेली नाही. जुलैत मी तुला लिहिलं होतं की न कापता काय दिसतं आणि काय दिसत नाही. ते खळीच्या आणि आईच्या मध्ये होतं, म्हणून तू वाचलं नसशील.

काल आई कामावरून आली तेव्हा मी सुरी घेऊन बसले होते. तिला एका हाताने फर्मा धरायला सांगितला आणि मी कापला. मग वाचला. मोठ्याने. आवाज मध्ये दोनदा गेला, ती थांबली. पुढे वाच म्हणाली नाही, हात फडक्यात गुंडाळून बसून राहिली, एवढंच.

तुझ्यासाठी पाचव्या पानावरचं सांगते, म्हणजे उगाच कुठे परत शाळेचं सांगशील. नावाडिणीचा जीव होडीतच जातो, नदीच्या मध्यात, वल्हं हातात असताना. होडी आपली आपण पलीकडे लागते. आणि ती उतरते, ताई. चौघं जण उचलून उतरवतात.

कागद सही करून पाठवत नाहीये.

घुमी